ओढ्याकाठची देशी झाडे आणि विद्यार्थी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याच्या पश्चिमेला भुकूमच्या परिसरातील डोंगरांत उगम पावणारी राम नदी भूगाव, बावधन, पाषाण आणि बाणेर ओलांडून मुळेला मिळते. या नदीच्या आणि तिला येऊन मिळणाऱ्या ओढ्यांच्या काठी शाळकरी मुलांबरोबर देशी झाडे ओळखण्याचे आणि पुन्हा रुजवण्याचे काम करताना शिक्षक, पालक आणि मुले जे प्रश्न सतत विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उदाहरणे मुळा-मुठेच्या खोऱ्यातील आहेत. दुसऱ्या खोऱ्यातील शाळांनी झाडांची यादी जशीच्या तशी उचलू नये; कामाची पद्धत मात्र अवश्य घ्यावी.

पाणलोट क्षेत्र म्हणजे काय, आणि ते मुलांना कसे समजावून सांगावे?

ज्या प्रदेशावर पडलेल्या पावसाचे पाणी उतारावरून वाहत जाऊन शेवटी एकाच ओढ्याला किंवा नदीला मिळते, तो सगळा प्रदेश म्हणजे त्या ओढ्याचे किंवा नदीचे पाणलोट क्षेत्र. व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा पहिल्या मोठ्या पावसात मुलांना शाळेच्या मैदानावर न्यावे आणि पाणी कुठून कुठे जाते ते त्यांना त्यामागे चालत जाऊन पाहू द्यावे. पन्हाळीखालचे पाणी गटारात, गटाराचे नाल्यात आणि नाल्याचे नदीत, एवढे एकदा डोळ्यांनी पाहिले की नकाशावरील समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, मुलांना आपोआप वाचता येतात.

पुढचा प्रवास नकाशावर दाखवावा. पाषाणच्या ओढ्यातील पाणी राम नदीतून मुळेत जाते, संगमावर मुळेला मुठा मिळते, मुळा-मुठा भीमेला मिळते, आणि उजनीच्या जलाशयातून पुढे गेलेली तीच भीमा पंढरपुरात चंद्रभागा म्हणून ओळखली जाते. तेथून ती कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला मिळते. आपल्या शाळेमागच्या नाल्याचा पंढरपूरशी काही संबंध आहे, हे कळल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जे उमटते, ते कोणत्याही तक्त्याने उमटत नाही.

देशी झाड कोणाला म्हणायचे?

गुलमोहर मूळचा मादागास्करचा. पर्जन्यवृक्ष, नीलमोहर, गिरिपुष्प आणि सुबाभूळ अमेरिका खंडांतून आले. ही झाडे देशी नाहीत, एवढे बहुतेकांना माहीत असते. अडचण पुढे येते. रोपवाटिकेत ‘देशी’ हा शब्द भारतात कुठेही मूळ असलेल्या झाडासाठी वापरला जातो, आणि भारत तर फार मोठा आहे. तामण हे महाराष्ट्राचे राज्यपुष्प आहे. ते कोकणातील ओढ्यांच्या काठी नैसर्गिकरीत्या वाढते. परंतु म्हणून पुण्याच्या पूर्वेकडील कोरड्या ओढ्यावर ते लावले, तर ते त्या ओढ्याचे पुनरुज्जीवन ठरत नाही. ते बागकाम ठरते. बागकामात वाईट काही नाही, फक्त दोन्ही कामांची गल्लत करू नये.

आमच्यापुरती कसोटी अशी आहे की, हे झाड याच खोऱ्यात, अशाच जमिनीवर, माणसाने न लावता वाढलेले कुठे दिसते का? ते दिसत असेल तर ते आपले. चिंचेसारख्या झाडाचे मूळ आफ्रिकेतील मानले जाते आणि तरीही ती शतकानुशतके आपल्या गावांत आहे. तिला कोणी हात लावू नये, पण ओढ्याकाठच्या लागवडीत तिला धरण्याचेही कारण नाही.

मूळची झाडे कोणती होती, हे आता कसे कळणार?

वरच्या अंगाला जावे. शहरातील काठ बदलून गेला असला, तरी खोऱ्याच्या पश्चिमेकडील गावांत ओढ्यांचे काही तुकडे अजून शाबूत आहेत, आणि देवाच्या नावाने राखलेल्या देवरायाही आहेत. पुण्यातील आघारकर संशोधन संस्थेतील वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास केला, तेव्हापासून या राखीव तुकड्यांचे शास्त्रीय मोल सर्वांच्या ध्यानात आले. मुलांना देवराईत न्यावे ते पाहण्यासाठी. तिथून बी, पाला किंवा फांदी आणू नये; गावकऱ्यांचा नियम हाच आहे आणि तो पाळलाच पाहिजे.

दुसरा मार्ग म्हणजे जुनी माणसे. काठावर गुरे चारलेली किंवा धुणी धुतलेली आजी ‘इथं वाळुंज होता’ असे काठावरच्या या झाडाबद्दल बोट दाखवून सांगते, तेव्हा ती नोंद मुलांनी तारखेसह लिहून घ्यावी. गावांची आणि वस्त्यांची नावेही अनेकदा झाडांवरून पडलेली असतात.

झाड ओळखायला कुठून सुरुवात करावी?

एका वेळी पाच झाडे, त्याहून जास्त नाहीत. आणि शक्य तर दोन सारखी दिसणारी झाडे जोडीने घ्यावीत, कारण फरक शोधताना डोळा तयार होतो. दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात आम्ही आपटा आणि कांचन समोरासमोर ठेवतो. दोघांचीही पाने दुभंगलेली असल्यामुळे बाजारात सोने म्हणून कांचनाच्या फांद्या सर्रास विकल्या जातात. आपट्याचे पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंदीला अधिक असते. कांचनाचे पान मोठे आणि पातळ असते. पान बोटांत धरून दुमडल्यावर हा जाडीचा फरक लगेच जाणवतो. एकदा हे कळल्यावर मुले घरच्यांना फांद्या ओरबाडण्यापासून थांबवतात, असा आमचा अनुभव आहे.

काठावर कोणते झाड कुठे लावावे?

हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि तो सर्वांत कमी वेळा विचारला जातो. ओढ्याचा काठ म्हणजे एकच जागा नव्हे. पाण्यापासून वर चढत गेले की दर काही हातांवर जमीन, ओल आणि पुराचा जोर बदलतो, आणि झाडेही बदलतात.

पात्रातील खडकांच्या फटींत शेरणी वाढते. हे कमरेएवढे किंवा थोडे अधिक उंच झुडूप असते. त्याची पाने अरुंद आणि लांबट, फांद्या चिवट आणि मुळे खडकाला घट्ट धरून असतात. पूर आला की ते प्रवाहाच्या दिशेने आडवे होते आणि पाणी ओसरले की पुन्हा उभे राहते. पावसाळा संपताना अशा झुडपाजवळ मुलांना बसवावे: फांद्यांत अडकलेला पालापाचोळा, चिंध्या आणि प्लास्टिक एकाच बाजूला ताणलेले दिसते, त्यावरून पाणी किती उंच चढले होते हे पट्टीने मोजता येते, आणि बुंध्याशी साचलेल्या बारीक गाळात नवी रोपे उगवलेली सापडतात.

पाण्याच्या कडेला, जिथे पाय रुततो, तिथे वाळुंज, पाणजांभूळ आणि लव्हाळ्यासारखी गवते. ‘महापुरे झाडे जाती, तेथे लव्हाळे वाचती’ हे तुकोबांचे वचन मुलांना पाठ असते, परंतु लव्हाळा हातात घेऊन त्याचा तिधारी दांडा बोटांनी फिरवून पाहिलेली मुले थोडी असतात. त्याच्या वरच्या उतारावर करंज, उंबर, जांभूळ आणि निर्गुडी. करंजाची मुळे काठाची माती घट्ट धरतात आणि उंबर वर्षातून अनेकदा फळत असल्यामुळे पक्षी आणि वटवाघळे त्यावर येत राहतात. आणखी वर, जिथे पुराचे पाणी क्वचितच पोहोचते, तिथे बेहडा, कुंभा, कळंब, पळस आणि आंबा.

पहिल्या वर्षी आम्ही हे पट्टे न पाहता करंजाची कोवळी रोपे थेट पाण्याच्या कडेला एका रांगेत लावली. जुलैच्या एका रात्रीत निम्म्याहून अधिक रोपे वाहून गेली. ज्या काठावर लव्हाळे आणि निर्गुडी आधीपासून होती, तिथली वाचली. तेव्हापासून आम्ही आधी खालचा पट्टा जगवतो आणि मगच वरच्या झाडांना हात घालतो.

आमच्याकडे ओढ्यालगत मोकळे माळरान आहे. तिथे दाट झाडे लावावीत का?

बहुतेक वेळा, नाही. कुसळी, मारवेल आणि इतर गवतांचे माळ ही ओसाड जमीन नव्हे. ती स्वतंत्र आणि फार जुनी परिसंस्था आहे. चंडोल, माळटिटवी आणि असंख्य कीटकांचे घर तिथे असते. पुणे शहरात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि जेमतेम पन्नास-साठ किलोमीटरवरील घाटमाथ्यावर तो तीन हजार मिलिमीटरच्या पुढे जातो. एकाच खोऱ्यात एवढा फरक असताना सगळीकडे जंगल शोभेल असे मानणे चूक आहे. खडकाळ सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरील सपाट कातळांवर तर एकही खड्डा खणू नये. तिथल्या बोटभर मातीतील पावसाळी वनस्पती त्या खड्ड्याने कायमच्या जातात. माळावर काम करायचेच असेल, तर तिथली घाणेरी आणि गाजरगवत काढावे, आणि गवताचे बी पडेपर्यंत कापणी थांबवावी.

रोपे विकत घ्यावीत की तयार करावीत?

तयार करावीत, आणि तीही आपल्याच खोऱ्यातील झाडांच्या बियांपासून. त्याच पावसाला, त्याच मातीला आणि त्याच उन्हाळ्याला तोंड देत पिढ्यान् पिढ्या टिकलेल्या झाडांचे बी त्या जागी रुजण्याची शक्यता अधिक असते. शिवाय बी गोळा करणे, पेरणे आणि वाट पाहणे हाच मुलांच्या शिक्षणाचा गाभा आहे. तयार रोप आणून खड्ड्यात ठेवून फोटो काढण्यात शिकण्यासारखे काही उरत नाही.

प्रत्येक बियाचा स्वभाव वेगळा असतो. जांभळाचे बी वाळले की मरते. फळ खाल्ल्यावर ते धुऊन आठवड्याभरात पिशवीत गेले पाहिजे. एका बियातून कधी दोन-तीन कोंब येतात, तेव्हा मुलांना ते आवर्जून दाखवावे. करंजाच्या शेंगा उन्हाळ्यात वाळतात, त्यांतील बी सहज उगवते. बहाव्याचे बी मात्र कडक कवचाचे असते. ते पॉलिश कागदावर एका बाजूने घासून रात्रभर पाण्यात ठेवावे लागते. पळसाची चपटी शेंग एकबीजी असते आणि ती मे महिन्यात झाडाखाली मिळते. उंबराचे बी मोहरीहून बारीक. ते पेरण्याच्या खटपटीत न पडता जुन्या भिंतीच्या फटीत पक्ष्यांच्या विष्ठेतून उगवलेले रोप पावसाळ्यात अलगद सोडवून घेणे सोपे जाते.

वाळुंज फांदीपासून होतो. पावसाच्या सुरुवातीला अंगठ्याएवढी जाड, दीड-दोन फूट लांबीची फांदी तिरकी छाटून दोन-तृतीयांश भाग ओल्या मातीत रोवला की काही आठवड्यांत फूट दिसते. येथे एक काळजी घ्यावी लागते. वाळुंजाची नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात. सगळ्या फांद्या एकाच झाडाच्या घेतल्या, तर काठभर एकाच झाडाच्या प्रती उभ्या राहतात आणि त्यांना बी कधीच धरत नाही. म्हणून हिवाळ्यात फुलोरा आल्यावर झाडे पाहून त्यांवर खुणा करून ठेवाव्यात आणि फांद्या दोन्ही प्रकारच्या अनेक झाडांवरून थोड्या थोड्या घ्याव्यात.

कोणत्याही झाडाचे सगळे बी उचलू नये. खालचे निम्म्याहून अधिक पाखरांसाठी, खारींसाठी आणि त्या जागेसाठी राहू द्यावे.

बीजगोळे टाकले तर चालणार नाही का?

ओढ्याकाठी चालणार नाही. बीजगोळे म्हणजे मातीत बी घालून वळलेले गोळे. पहिल्या पुरात ते वाहून जातात, आणि जे उरतात ते गवतात दबतात. बीजगोळे करण्यात मुलांना आनंद मिळतो हे खरे, पण तोच एक तास शंभर पिशव्या भरण्यात घालवला तर पुढच्या पावसाळ्यात हातात रोपे असतात.

लागवड कधी आणि कशी करावी?

पहिले दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन हातभर ओली झाल्यावर, म्हणजे साधारणतः जूनअखेर ते जुलै. खड्डे उन्हाळ्यातच खणून तापू द्यावेत. रोप एक ते दीड वर्षाचे असावे, पिशवी संपूर्ण काढावी, मुळांचे वेटोळे झाले असेल तर ते सोडवावे. उतारावर आळे अर्धचंद्राकृती करावे आणि त्याचे तोंड चढाकडे ठेवावे. वाळलेल्या गवताचे आच्छादन जाड अंथरावे, पण खोडाला चिकटू देऊ नये. डिसेंबरपासून मेपर्यंत पाणी कोण घालणार, हे ठरल्याशिवाय एकही खड्डा खणू नये.

घाणेरी, रानमोडी आणि जलपर्णी काढून टाकावीत का?

होय, पण सगळे एकदम नाही. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झुडूप म्हणून भारतात आली आणि आता तिच्या जाळीतच अनेक पक्षी घरटी करतात. काठ एका दिवसात उघडा केला, तर पक्षी जातात आणि पुढच्या पावसात मातीही जाते. म्हणून दर वर्षी एक तुकडा मोकळा करावा, तो देशी झुडपांनी भरावा आणि मग पुढे सरकावे.

घाणेरी वरून छाटली की दुप्पट फुटते. माती बाजूला सारून मुख्य मूळ जमिनीखाली तीन-चार बोटे तोडावे आणि झुडूप उलटे करून ठेवावे, म्हणजे ते पुन्हा मूळ धरत नाही. हे काम फळे पिकण्याआधी करावे. जलपर्णी काढणे हे मुलांचे काम नव्हे. ती सांडपाण्यातील नायट्रोजन आणि फॉस्फरसवर वाढते. सांडपाणी येत राहिले तर काढलेली जलपर्णी काही आठवड्यांत परत येते.

आमचा नाला सांडपाण्याने भरला आहे. मग झाडे लावण्यात काय अर्थ?

झाडांनी सांडपाणी स्वच्छ होत नाही, असे मुलांना स्पष्ट सांगावे. ते काम मैलापाणी शुद्धीकरण केंद्राचे आणि ते चालवणाऱ्या यंत्रणेचे आहे. अशा नाल्यात पाणकणीस माजते. ते देशीच आहे, आणि तरीही इतर सगळ्यांना हुसकावून लावते. त्यामुळे ‘देशी म्हणजे चांगले’ एवढ्यावर थांबता येत नाही. अशा ठिकाणी मुलांनी पाण्याचा रंग, वास आणि सांडपाणी कुठे मिसळते त्या जागा नकाशावर टिपाव्यात आणि ती नोंद सह्यांसह स्थानिक कार्यालयाला द्यावी. लागवडीसाठी त्याच ओढ्याचा वरचा, अजून स्वच्छ असलेला भाग निवडावा. निरोगी तुकडा जपणे हे आजारी तुकडा बरा करण्यापेक्षा कमी खर्चाचे असते, आणि खालच्या भागात कधी पाणी सुधारले तर बी वरूनच वाहत येते.

परवानगी कोणाची घ्यावी?

जमीन कोणाची आहे त्यावर हे अवलंबून असते. पात्राच्या बाबतीत जलसंपदा विभाग, शहरात महापालिकेचा उद्यान विभाग, टेकड्यांवर वन विभाग, गावात ग्रामपंचायत किंवा खाजगी मालक. नकाशावर निळी पूररेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा. निळ्या रेषेच्या आत ओटे, भिंती किंवा सिमेंटचे काही बांधू नये. शहरात झाड, मग ते परदेशी का असेना, तोडण्यासाठी १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असणे अपेक्षित आहे. तिला भेटावे, कारण मुलांच्या नोंदी लोकजैवविविधता नोंदवहीत, म्हणजे त्या भागातील सजीवांच्या नोंदवहीत, जाऊ शकतात.

मुलांच्या सुरक्षिततेचे काय?

पावसाळ्यात पात्रात उतरायचे नाही, हा नियम अपवादाविना पाळावा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यातील आंबील ओढ्याला आलेल्या पुराने एरवी क्षुल्लक वाटणारा ओढा काय करू शकतो हे दाखवले. वर डोंगरात ढग दिसले की काम थांबवावे, इथे ऊन असले तरीही. बूट आणि हातमोजे हवेतच. जखम असलेल्या मुलाने गढूळ पाण्यात हात घालू नये, कारण लेप्टोस्पायरोसिस या दूषित पाण्यातून होणाऱ्या आजाराचा धोका असतो. दिवाळीनंतर खाजकुइलीच्या शेंगांपासून दूर राहावे. दगड उलटायचा असेल तर तो आपल्या अंगाकडे उचलावा, म्हणजे खालचा साप किंवा विंचू समोरच्या बाजूने निघून जातो.

नोंदी कोणत्या ठेवाव्यात?

कमी, पण न चुकता. प्रत्येक रोपाला क्रमांक, ते कोणत्या झाडाच्या बियापासून झाले ती माहिती, आणि वर्षातून दोनदा, म्हणजे ऑक्टोबरअखेर आणि मेअखेर, उंची व बुंध्याचा घेर. मेची नोंद हीच खरी परीक्षा असते. एकाच ठिकाणी उभे राहून दर महिन्याला एक छायाचित्र घ्यावे. मोठ्या झाडांची पालवी, फुले आणि फळे दर आठवड्याला टिपण्यासाठी ‘सीझनवॉच’ या देशव्यापी उपक्रमात शाळेला सहभागी होता येते. मेलेल्या रोपाची नोंद खोडून टाकू नये. ते का मेले हे लिहावे. गुरांनी खाल्ले, वणव्यात गेले, पाणी मिळाले नाही, चुकीच्या पट्ट्यात लावले, अशी कारणे चार वर्षांनी एकत्र वाचली की पाचव्या वर्षाची आखणी सहज करता येते.

मुले शाळा सोडून जातात. मग झाडांकडे कोण पाहणार?

दहावीच्या मुलांनी लावलेले झाड दहावीतच संपते, म्हणून सुरुवात पाचवी-सहावीपासून करावी. प्रत्येक तुकडा एका वर्गाकडे असावा आणि जूनमध्ये वरच्या वर्गाने खालच्या वर्गाला काठावर नेऊन तो हातोहात द्यावा: हे झाड, त्याचा क्रमांक, त्याचे बी कुठले, मागच्या उन्हाळ्यात त्याला काय झाले. नोंदवही त्याच वेळी दिली जाते. सुट्टीतील पाण्यासाठी काठावरच्या वस्तीतील एखाद्या कुटुंबाशी शाळेने आधीच बोलणे करावे आणि त्याचा मोबदला द्यावा. रोप तीन उन्हाळे पार करेपर्यंत ही व्यवस्था लागते. त्यानंतर बहुतेक देशी झाडांना फक्त वणव्यापासून आणि कुऱ्हाडीपासून राखावे लागते. त्यासाठी जानेवारीत भोवतीचे वाळके गवत कापून जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारा मोकळा पट्टा, काढणे पुरते.